स्टुलावर कोण बसत असे

पत्रक आणलं चिंगीने, आणि ठेवलं तेही नेमकं काउंटरच्या काचेवर, आईच्या नाकासमोर. "मावशीचं आहे. वाच ना, काय सुंदर लिहिलंय," एवढं बोलून ती जिना चढून वर गेलीसुद्धा. आगीत तेल ओतायचं आणि आपण नामानिराळं राहायचं, ही कला या मुलीला एकोणिसाव्या वर्षीच साधली होती.

तिच्या आईने, म्हणजे दोघी बहिणींतल्या थोरलीने, लगेच हात लावला नाही. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, तिचा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू ती बसवत होती. रविवार असल्यामुळे शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. चार वाजता वरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमायचे होते, कारण बाबांनी बोलावलं होतं. दुकानामागच्या खोलीचा आज निकाल लागायचा होता.

त्या खोलीत बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले. आता तपासणीचं यंत्र पुढे दुकानातच होतं, आणि मागे रिकामी खोकी, मोडक्या फ्रेमा आणि जुनी बिलं पडून होती. धाकटी, म्हणजे चिंगीची मावशी, समुपदेशक होती. लोक तिच्याकडे मनातलं बोलायला येत. तिची भाड्याची जागा सुटत होती म्हणून तिने ही खोली मागितली होती. थोरलीला खोलीचा काही उपयोग नव्हता, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं. पण ती द्यायची नाही, एवढं तिने महिनाभर घट्ट धरून ठेवलं होतं.

स्क्रू बसला. तिने चष्मा पुसून डबीत ठेवला आणि मगच पत्रक उचललं. वर धाकटीचा फोटो होता, त्यात ती नेहमीसारखी अर्धवट हसत होती. खाली लिहिलं होतं:

"माझे वडील चष्मेवाले. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग बदलत आणि विचारत, 'हे बरं, की आधीचं बरं?' त्या खोलीतल्या उंच स्टुलावर मी बसत असे. ऐकणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीने शिकवलं. एकदा एक म्हातारे गिऱ्हाईक तपासणी चालू असताना रडू लागले. वडिलांनी अक्षरांच्या पाटीमागचा दिवा मालवला, आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत ते अंधारात काही न बोलता उभे राहिले. मग दिवा लावून पुन्हा विचारलं, 'हे बरं, की आधीचं बरं?' मी आजही एवढंच करते. तुम्हाला काय दिसावं, हे मी सांगत नाही. दिसेपर्यंत थांबते."

त्याखाली बारीक अक्षरांत तिची पदवी होती, मदतीसाठी चालवल्या जाणाऱ्या फोनसेवेत काढलेली आठ वर्षं होती, इस्पितळातली अकरा वर्षं होती. तिथवर थोरलीची नजर गेलीच नाही. ती एकाच ओळीवर अडकून पडली होती. त्या खोलीतल्या उंच स्टुलावर मी बसत असे.

मी म्हणजे कोण? त्या स्टुलावर बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत बसली ती थोरली. पेटीतली भिंगं आकड्यांप्रमाणे काढून बाबांच्या हातात द्यायचं काम तिचं. धाकटी तेव्हा मामाकडे होती. दोघींच्या आईला तेव्हा बरं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ती दिवसच्या दिवस पडून राहायची, आणि काय झालंय ते घरात कोणी बोलायचं नाही. दोन मुली सांभाळणं बाबांना झेपेना, म्हणून एकीला मामाकडे पाठवायचं ठरलं, आणि थोरली कामाची असल्यामुळे सात वर्षांची धाकटी गेली. चार वर्षांनी परत आली ती सायकल घेऊनच. मामाकडे तिला वेगळी खोली होती, खिडकीखाली टेबल होतं. थोरलीने ती सायकल बघितली आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखू लागलं ते आजवर थांबलं नव्हतं.

सायकलीनंतर बाकीचं ओघानेच आलं. धाकटी शिकायला बाहेर गेली, थोरली दुकानात राहिली. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कुशीवर वळवायची थोरली, आणि आई वाट बघायची धाकटीच्या फोनची. तिचं स्वतःचं नावसुद्धा धाकटीनेच घालवलं होतं. धाकटी जन्मली त्या दिवसापासून आई, बाबा, शेजारीपाजारी, सगळेच तिला ताई म्हणू लागले. पुढे गिऱ्हाइकंही ताईच म्हणू लागली. आता चिंगीला मावशीसारखंच व्हायचं होतं. परवा जेवताना ती सहज म्हणाली होती, "आई, तू उत्तर देतेस. मावशी ऐकते." थोरली अर्ध्या ताटावरून उठली होती.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट तिची राहिली होती. ते स्टूल. आणि आज तेही छापून गेलं होतं.

नवरा मागच्या दाराने आत आला तेव्हा तिने पत्रक त्याच्यापुढे धरलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. थोरलीची आत्या त्याला वेलांटीराव म्हणायची, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याने पत्रक न वाचताच "हो, चांगलं झालंय" म्हटलं, आणि जीभ चावली. थोरलीच्या सगळं ध्यानात आलं. हे पत्रक त्याच्याच छापखान्यात छापलं होतं, आणि त्यानेच तपासलं होतं.

"पंधरा दिवस झाले," तो चष्मा काढून पुसत म्हणाला. "'अंधाऱ्या'मधला र चुकला होता. तेवढा दुरुस्त केला."

"ऱ्हस्वदीर्घ तपासलंत. खरंखोटं नाही तपासलंत."

"ते आमच्याकडे नसतं," तो म्हणाला, आणि हे त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणूनच तिला अधिक राग आला. तिने पत्रकाची चौपदरी घडी घातली, ती मुठीत धरली आणि जिना चढली. आज चारचौघांत बाबांच्या तोंडून वदवून घ्यायचं, की स्टुलावर कोण बसायचं. मग खोलीचं आपोआप ठरेल. तळं राखील तो पाणी चाखील, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

वर आत्या आधीच येऊन खिडकीजवळची खुर्ची बळकावून बसली होती. बाबांची ही बहीण टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे फोन जोडून निवृत्त झाली होती, आणि गावाची निम्मी भांडणं तिच्या कानावरून गेली होती. थोरलीने मुठीतली घडी तिला दाखवली. आत्याने हात लांब धरून ती वाचली आणि नाक उडवलं.

"तीस वर्षं मी लोकांचं ऐकलं, मला कोणी पत्रक छापून दिलं नाही," ती म्हणाली. "आणि समुपदेशन म्हणतात ना याला? नावातच उपदेश आहे, आणि बाई म्हणे तोंड उघडत नाही. मग लोक जातात कशाला?"

थोरलीला बरं वाटलं. आत्या आपल्या बाजूची, चिंगी मावशीच्या, नवरा कुंपणावर. राहिले बाबा. ते आपल्या आरामखुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे हात आता थरथरत, पण नजर त्यांनी स्वतःची दर सहा महिन्यांनी थोरलीकडून तपासून घेतलेली असे.

धाकटी आली ती पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून. पाचशे प्रती होत्या. गठ्ठा तिने जमिनीवर ठेवला, बाबांच्या पाया­शी चटईवर बसली आणि आत्याला गुडघ्याचं कसं आहे ते विचारलं. आत्याने दोन शब्दांत सांगितलं. धाकटी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग आत्याने आणखी सांगितलं, मग जिन्याचं सांगितलं, मग सुनेचं सांगितलं, आणि पाच मिनिटांनी आत्या डोळ्यांना पदर लावून बसलेली होती. थोरलीने हे सगळं दारात उभं राहून बघितलं. आपल्या बाजूचं एक माणूस आपल्यासमोर उचलून नेलं आणि उचलणारीने बोटसुद्धा हलवलं नाही, याचा तिला अतिशय संताप आला.

बाबांनी खोलीचा विषय काढला. धाकटीने शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. येणाऱ्यांना बाजूच्या बोळातून वेगळी वाट आहे, खिडकी नसल्यामुळे बाहेर आवाज जात नाही. शिवाय तिची रीत अशी की माणूस रडायला लागला तर ती त्याच्या हातात रुमाल देत नाही, पाणी देत नाही, कारण ते दिलं की माणसाला वाटतं आता आवरायला हवं. ती दिवा मंद करते आणि थांबते. त्या खोलीत ते चांगलं जमेल. वेलांटीराव म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा. चिंगी म्हणाली, त्यात विचार काय करायचाय, तिथे तर नुसती खोकी आहेत.

"ताई, तुला काय वाटतं?" बाबांनी विचारलं.

थोरलीने घडी उलगडली. तिने ती ओळ मोठ्याने वाचली आणि कागद खाली केला. "खोलीचं नंतर बघू. बाबा, आधी एवढं सांगा. त्या स्टुलावर कोण बसायचं?"

बाबांनी धाकटीकडे बघितलं नाही, थोरलीकडेच बघितलं. "तू," ते म्हणाले. "तूच बसायचीस."

एवढं तिला हवं होतं, आणि ते मिळालं. पण जिंकल्यावर जे वाटायला हवं ते काही केल्या वाटेना, कारण धाकटीने मानच हलवली. तिने वादही घातला नाही.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "मी एकदाही बसले नाही. बाबा, मी परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, ताईला सवय आहे, तिलाच करू दे. लिहिताना मी तीनदा 'माझी बहीण' असं लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी 'मी' लिहिलं. चूक आहे. मला कळत होतं."

"मग तुला त्या स्टुलाचं ठाऊक तरी कसं?" आत्याने डोळे पुसत विचारलं.

"ताईच्या पत्रांवरून."

थोरली विसरली नव्हती. दर आठवड्याला ती मामाच्या पत्त्यावर पत्र टाकायची. वहीच्या दोन पानांत सगळं असायचं: आज बाबांनी मला जाड भिंगांची पेटी उघडू दिली, आज बाबा म्हणाले तुझ्याशिवाय माझं चालत नाही, आज एक बाई आली तिला आपल्या मुलाचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. तिकडे काहीही असो, इकडे बाबा आहेत, हे त्या लांबच्या घरात पोचवल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

"मला ती पाठ आहेत," धाकटी म्हणाली. "मामी दिवा लवकर मालवायची. मी अंधारात ती मनात म्हणायचे, आणि म्हणता म्हणता स्टुलावर मी बसलेली असायचे. पुढे पुढे मलाच कळेना, की वाचलंय की बघितलंय. ताई, तुझी पत्रं वाचून मी जळायचे."

"जळावंस म्हणूनच लिहायचे," थोरली म्हणून गेली.

चिंगीने आईकडे बघितलं. आत्या "अगं बाई" म्हणाली. वारं फिरलं हे थोरलीला कळत होतं. थोड्या वेळापूर्वी चोर धाकटी होती, आता घरभर तिच्याविषयी कळवळा दाटला होता. आपलं उणं उघड करायचं आणि समोरच्याला गप्प करायचं, ही हिची विद्याच आहे, असं थोरलीला वाटलं. आणि मग तिला आठवलं, की आपल्या हातात अजून एक हुकमाचं पान आहे. ते खेळायची गरज नव्हती. पण जळणाऱ्या माणसाला गरज बघायचं भान राहत नाही.

"आणि तो म्हातारा?" ती म्हणाली. "अंधारात रडला तो? तेही माझ्याच पत्रातलं ना?"

"पहिल्या पत्रातलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बदलला. "मी गेले त्याच आठवड्यातलं. ते पत्र मी सगळ्यात जास्त वाचलं. तिकडे न्हाणीघरात दार लावून रडायचे तेव्हा मला वाटायचं, बाबा इथे असते तर त्यांनी दिवा मालवला असता आणि थांबले असते. या कामात पडले ती त्यामुळे. दुसरं कारण नाही."

"ते खोटं आहे."

"काय?"

"म्हातारा. असा कोणी आलाच नव्हता. तू गेलीस त्या दिवशीचं म्हणून लिहिलंय ना मी? त्या दिवशी मामा तुला न्यायला आला म्हणून दुकान बंद होतं. बंद दुकानात गिऱ्हाईक येणार कुठून? मी ते बनवलं. पहिलंच पत्र होतं, काहीतरी मोठं लिहायचं होतं."

दुसऱ्यांचं ऐकून पांढरी न पडणारी ही बाई आता पांढरी पडली होती. तिने जमिनीवरच्या गठ्ठ्याकडे बघितलं, त्यावर दोरी बांधलेली होती, त्या दोरीची गाठ ती उगाच सोडू लागली. एकोणीस वर्षं तिने लोकांसमोर दिवे मंद केले होते, आणि ते बारा वर्षांच्या एका मत्सरी मुलीने मारलेल्या थापेवर. थोरलीला हे बघून आनंद झाला. खरोखरच झाला, नंतर तिने तो स्वतःपाशीही नाकारला नाही. पण दोन श्वासांत तो विटला.

"खोटं नाही ते," बाबा म्हणाले.

"बाबा, दुकान बंद होतं. तुम्हीच शटर ओढलं होतंत."

"बंदच होतं. बस जाऊ दिली आणि आपण दोघं परत आलो. तू म्हणालीस, आता काय करायचं. मी म्हटलं, भिंगं पुसू. मागे जाऊन बसलो. तू स्टुलावर चढलीस आणि मला एकेक भिंग देऊ लागलीस." बाबा थांबले. "मग मी पाटीमागचा दिवा मालवला. तू विचारलंस, बाबा, कोण रडतंय? मला काही सुचेना. म्हटलं, गिऱ्हाईक आहे. जरा थांबू आपण."

दोरीची गाठ धाकटीच्या हातात अर्धवट सुटून राहिली.

"गिऱ्हाईक नव्हतं," बाबा म्हणाले. "पोरीला बसमध्ये बसवून आलो होतो. तुला माझं तोंड दिसू नये म्हणून दिवा मालवला, एवढंच. त्यात शिकण्यासारखं काही नाही." हे शेवटचं ते धाकटीला म्हणाले, आणि तिला समोर पाहवेना म्हणून तिने कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं. बाबांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला.

थोरली तो हात बघत राहिली. मग ती वळली आणि खाली गेली. वेलांटीराव उठू लागले तेव्हा आत्याने त्यांना बसवलं.

दुकानातून मागच्या खोलीत जाताना तिने दिवा लावला नाही. तिला त्याची गरजही नव्हती, त्या खोलीत ती डोळे बांधून चालली असती. स्टुलावरची दोन खोकी तिने खाली उतरवली आणि स्टुलावर बसली. बैठकीचं कातडं फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. पाय आता जमिनीला टेकत होते.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता, अंधारातलं तेवढं सोडून. तो तिच्या लहानपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बस वळली आणि बाबांचा हात तिच्या एकटीच्या हातात आला. स्टुलावर ती पहिल्यांदा बसली ती त्या दिवशी. आता हे स्टूल माझं, ही खोली माझी, बाबा माझे, असं मनात म्हणत ती एकेक भिंग पुढे करत होती. आणि हातभर अंतरावर बाबा उभे होते ते तिच्यासाठी नव्हते. बसमध्ये गेली तिच्यासाठी ते रडत होते. चाळीस वर्षं जपून ठेवलेल्या या एका दिवसाच्या मध्यभागीही धाकटीच बसलेली होती. थोरलीला हसू आलं आणि ते नीट हसूही नव्हतं.

दाराशी पावलं वाजली आणि थांबली. धाकटी आत आली नाही, बोललीही नाही.

"दिवा लाव," थोरली अंधारातून म्हणाली. "माझ्यावर तुझी विद्या चालवू नकोस."

"चालवत नाहीये."

"मग लाव की."

"बटण कुठे आहे, मला माहीत नाही, ताई."

एवढी सत्तेचाळीस वर्षांची बाई, याच घरात जन्मलेली, भिंतीवर हात चाचपत उभी होती. थोरली उठली. अंधारात तिचा हात सरळ दाराच्या मागे, खांद्याच्या उंचीच्या जरा खाली गेला आणि बटण दाबलं गेलं. मग ती परत जाऊन स्टुलावर बसली.

धाकटीचे डोळे सुजले होते. तिच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता, आणि त्यावर लाल पेन ठेवलं होतं. ते वेलांटीरावांचं होतं हे सांगायला नको.

"मला आज कळलं, की ते माझ्यासाठी रडले," धाकटी म्हणाली. "बरं वाटलं. आणि लगेच पोटात दुखलं. कारण ते रडताना मी नव्हते. तू होतीस. मी ते कुठून आणू?"

थोरलीने हात पुढे करून वरचं पत्रक घेतलं, मांडीवर ठेवलं आणि लाल पेनाने एक शब्द खोडून त्याच्यावर दुसरा लिहिला. धाकटीने वाकून वाचलं. त्या खोलीतल्या उंच स्टुलावर ताई बसत असे.

"क्रियापदाला हात लावावा लागत नाही," थोरली म्हणाली.

"भावजी पण तेच म्हणाले. पुन्हा छापायचं का विचारलं त्यांनी."

"कशाला? हाताने करू. सगळ्या पत्रकांवर माझ्या अक्षरात दिसलं पाहिजे."

"आणि गिऱ्हाइकाचं काय करायचं?"

थोरलीने पुढच्या ओळी वाचल्या. पेन म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर येऊन थांबलं. 'वडील' असं लिहिलं असतं तर जागा पुरली असती. वरच्या मजल्यावर बाबांची खुर्ची कुरकुरली. तिने पेन उचलून घेतलं. "राहू दे. गिऱ्हाईकच राहू दे," ती म्हणाली आणि दुसरं पत्रक ओढलं. "ही खोकी उद्या माळ्यावर टाकते. तुझं सामान परवा आण. बोळातल्या दाराची कडी घट्ट आहे, तेल घालावं लागेल. स्टूल मात्र पुढे दुकानात जाईल."

"बरं," धाकटी म्हणाली. तिने गठ्ठ्याची दोरी पूर्ण सोडली, निम्मी पत्रकं उचलली आणि इकडेतिकडे बघितलं. खोलीत बसायला दुसरं काहीच नव्हतं. "मी कुठे बसू?"

थोरली स्टुलावरून हलली नाही.

"खोकं ओढ एखादं," ती म्हणाली.